जेफ्री एपस्टीनने हवेली तारण देऊ केली असतानाही त्याला जामीन का नाकारला गेला?

अमेरिकी संघीय कायद्यानुसार अल्पवयीनांच्या लैंगिक तस्करीच्या खटल्यात आरोपीला कोठडीतच ठेवावे असे मुळात गृहीत धरले जाते, आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी आरोपीवर येते. त्यामुळे तारण कितीही मोठे असले तरी तेवढ्याने भागत नाही. जुलै 2019 मध्ये याच आरोपाखाली अटकेत असलेल्या एपस्टीन या अमेरिकी धनाढ्य वित्त व्यावसायिकाने मॅनहॅटनमधील हवेली आणि खासगी विमान तारण म्हणून देऊ केले. परंतु त्याच हवेलीतील तिजोरीत 70,000 डॉलरहून अधिक रोकड, 48 सुटे हिरे आणि त्याचे छायाचित्र पण भलतेच नाव असलेला, मुदत संपलेला ऑस्ट्रियाचा पासपोर्ट सापडला होता, म्हणजे तो पळून जाईल अशी शंका घेण्यास जागा होती. तरीही जामीन नाकारताना न्यायाधीश रिचर्ड बर्मन यांनी (आणि माझ्या मते हेच महत्त्वाचे) पलायनाच्या शक्यतेपेक्षा समाजाला असलेल्या धोक्यावर अधिक भर दिला. 10 ऑगस्टला कोठडीतच त्याचा मृत्यू झाल्याने खटला निकालाविनाच बंद झाला.