'घनु वाजे घुणघुणा' हे प्रेमगीत म्हणून ऐकलं तर चूक आहे का?

मुळीच नाही. याच मुद्द्यावरून मी बावीस वर्षांपूर्वी गाण्याचा क्लास सोडलाय, म्हणून लिहायला बसले.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि एका मुलात गुंतले होते. त्याला ते माहीत होतं, पण हो नाही की नाही नाही. नेमकी त्याच वेळी बाईंनी ही विरहिणी, म्हणजे विरहात होरपळणाऱ्या बाईच्या तोंडचं गाणं, शिकवायला घेतली. 'चंदनाची चोळी, माझे सर्व अंग पोळी' ही ओळ आली की 'पोळी'ची ई मी जरा जास्तच ओढायचे. तिसऱ्या दिवशी बाईंनी पेटीचा भाता मिटला. म्हणाल्या, "फार लाडिक झालं. ज्ञानेश्वरांचं आहे हे. चोळी म्हणजे देह, पोळणं म्हणजे संसारताप. डोळे मिटून म्हण."

मी म्हटलं, "बाई, चंदन गार असतं. तेच गार चंदन तिला भाजतंय. पुढे फुलांची शेजसुद्धा 'पोळे आगीसारिखी' आहे. यात संसार कुठून आला?" सगळ्या वर्गासमोर उलटून बोलले, झालं. पुढच्या सोमवारपासून गेलेच नाही.

बाई चुकल्याच होत्या, असं मला अजून वाटतं. चोळी म्हणजे हे, कोकिळा म्हणजे ते, असा कोश लावत बसलं की गाण्यातला जीव जातो. १२९६ साली, एकविसाव्या वर्षी समाधी घेतलेल्या त्या मुलाला तत्त्वज्ञानच सांगायचं असतं, तर त्यासाठी ज्ञानेश्वरीच्या नऊ हजार ओव्या होत्याच की! इथे तो स्त्री होऊन बोलतोय, ते अंगाला चटका बसावा म्हणून.

मग देव कुठे? कान्ह्याचं नाव पहिल्या कडव्यापासून आहेच, पण देव म्हणून मला तो जाणवतो शेवटच्या कडव्यात. 'दर्पणी पाहता रूप न दिसे वो आपुले.' प्रेमात पडलेली मुलगी आरशासमोरून हलत नाही; मी टिकली चारदा बदलायचे. हिच्या आरशात चेहराच उरलेला नाही, आणि लगेच पुढे बापरखुमादेविवर, म्हणजे विठ्ठल, ही ज्ञानेश्वरांची नाममुद्रा. हे कडवं बाईंनी आधी घेतलं असतं तर भांडण टळलं असतं. आम्ही तिथवर पोचलोच नाही.

मला खरा राग आहे तो उलट्या गाण्यांचा. समोर साधा माणूस, आणि त्याला देवता म्हणायचं, त्याच्यापुढे निरांजन लावायचं. देव बोलत नाही हे भक्ताने धरलेलंच असतं. तीन वर्षं गप्प राहिलेला माणूस नुसता गप्प असतो. त्याला देव्हाऱ्यात बसवलं की आपल्याला विचारायला नको, त्याला सांगायला नको. मी बसवला होता.

आता आरशावरून देव ओळखायचा हा नियम सगळ्या विरहिणींना लागत नाही. 'पैल तो गे काऊ कोकताहे'मध्ये आरसा नाही. कावळ्याला दहीभाताची उंडी कबूल केलीय आणि पाहुण्याचं नाव सरळ पंढरीराव. तिथे ओळखायचं काही उरतच नाही. शिवाय मी काही संतसाहित्याची अभ्यासक नाही, आणि बाईंचं सुराचं म्हणणं बरोबर असेलही: ती ई जरा लाडिकच लागत होती.

अजून घरी म्हणते. डोळे उघडे ठेवून. ई मात्र आता तेवढी ओढवत नाही, दम पुरत नाही.