गहू-दूध बंद करायचं असलं तरी मुलासाठी रोज वेगळी चूल मांडू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा ५ वर्षांचा, ऑटिझम आहे, थेरपी सेंटरमध्ये गहू आणि दूध बंद करायला सांगितलंय, घरात सासू-सासरे धरून सहा माणसं. त्याचं वेगळं शिजवायचं की सगळ्यांचंच बदलायचं? आणि तो मुळात चार-पाच पदार्थांपलीकडे तोंडाला काही लावत नाही. माझा मुलगा आता ११ वर्षांचा आहे. आम्ही मूळचे सोलापूरकडचे, राहतो पुण्यात. या सगळ्यातून आम्ही गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्वयंपाकघरात शिरण्याआधी एक काम करा. बालरोगतज्ज्ञांना सांगून सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी करून घ्या (या आजारात गहू-जवातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते), आणि ती गहू चालू असतानाच करा. गहू आधीच बंद केला तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, मग निव्वळ तपासणीसाठी पोराला पुन्हा काही आठवडे गहू खायला घालावा लागतो. सिलिअ‍ॅक निघाला तर गहू आणि जव कायमचे बंद, त्यात तडजोड नाही. दुधाची अ‍ॅलर्जी निघाली तर डॉक्टर सांगतील तोवर दूध बंद.

यातलं काहीच नसेल, तर या आहाराकडून फार आशा ठेवू नका. ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेच्या २०१३च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलंय की मुलांमधल्या ऑटिझमच्या मूळ लक्षणांसाठी ग्लुटेन आणि केसिन (दुधातलं प्रथिन) वर्ज्य करणारा आहार वापरू नये. २०१६ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मुलं फक्त १४ होती, पण काम काटेकोर होतं. हा आहार पाळणाऱ्या मुलांना कधी गव्हाचा, कधी दुधाचा, कधी दोन्ही असलेला, कधी दोन्ही नसलेला खाऊ दिला. कधी काय दिलं हे घरच्यांनाही ठाऊक नव्हतं. वागण्यात किंवा ऑटिझमच्या लक्षणांत लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. गहू-दूध सोडलं की मूल बोलायला लागेल असं कुणी सांगून पैसे मागत असेल, तर तिथून उठून या.

पोटाची गोष्ट मात्र वेगळी. ज्या मुलाला 'पोट दुखतंय' हे सांगता येत नाही, त्याचं दुखणं आदळआपट करून, डोकं आपटून, रात्र रात्र जागून बाहेर पडतं. काही मुलांमध्ये बद्धकोष्ठता गाईच्या दुधामुळे असते. आमच्याकडे तेच होतं. दूध थांबवल्यावर पोट साफ व्हायला लागलं आणि पाठोपाठ झोपही लागायला लागली. गहू बंद करून काहीही फरक पडला नाही, म्हणून तो परत सुरू केला. हे आम्हाला कळलं, कारण आहारतज्ज्ञ बाईंनी दोन्ही एकदम बंद करूच दिलं नाही. एका वेळी एकच, मुदत आधी ठरवून, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज दोन शब्द: शी झाली का, झोप कशी लागली. त्या काळात नवी थेरपी, नवं औषध, शाळाबदल काही नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. त्याच्या ताटातून काही काढण्याआधी ताटात काहीतरी येऊ द्या. जो मुलगा फुलका, दूधभात, बिस्किट आणि केळं एवढ्यावर जगतोय, त्याचं गहू-दूध एका दिवसात काढलं तर उरतं केळं आणि कोरडा भात. 'भूक लागली की खाईल' हे या मुलांना लागू पडत नाही. ती खरोखर उपाशी राहतात, वजन उतरतं.

फुलक्यावरून भाकरीवर यायचं तर ज्वारीपासून सुरुवात करू नका. रंग, वास, खरखरीतपणा सगळंच एकदम बदलतं. तांदळाच्या पिठीची उकड काढा: पाण्याला उकळी, त्यात मीठ आणि चमचाभर तेल, पीठ घालून झाकण, मग गरम असतानाच चांगलं मळून फुलक्याइतकं पातळ लाटा. ही भाकरी पांढरी आणि मऊ होते. माझा मुलगा आकारही बघायचा, म्हणून मी लाटलेली भाकरी डब्याच्या झाकणाने कापून नेहमीच्या फुलक्याएवढी करायची. पहिले काही दिवस फुलक्याशेजारी नुसता एक तुकडा. त्याने उचलला, गालाला लावला, वास घेतला, ठेवून दिला. एवढं झालं तरी चांगलंच झालं म्हणायचं. खायचा आग्रह नाही, 'एक घास आईसाठी' नाही. तो खायला लागल्यावर पिठीत ज्वारी मिसळायला लागलो, आधी चमचाभर, मग हळूहळू वाढवत.

घरच्यांचं बदलायचं का? पाया सगळ्यांचा एकच ठेवा, मोठ्यांना हवं ते वरून द्या. वरण, भात, भाजी, पिठलं, उसळ यांत गहूही नाही, दूधही नाही. मोठ्यांना पोळी, दही, तूप वेगळं वाढलं की झालं. नाश्त्याला पोहे, घावन, आंबोळी, मुगाची धिरडी सगळ्यांनाच. आपल्या पानातलंच बाकीचे खाताहेत हे रोज बघून मूल जेवढं शिकतं तेवढं वेगळ्या ताटाने शिकत नाही, आणि तुमचं कंबरडंही शाबूत राहतं.

लपलेला गहू मात्र शोधावा लागतो. बाजारच्या डबीतल्या हिंगात बऱ्याचदा मैदा असतो, म्हणजे रोजच्या फोडणीत गहू. तांदळाचं पीठ घातलेला हिंग मिळतो, लेबल वाचा. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. माल्टवाल्या पावडरीत जव, शिवाय दूध. गिरणीत तुमच्याआधी कुणाचे गहू दळले असतील तर ते पीठ तुमच्या ज्वारीत येतं. सिलिअ‍ॅक असेल तर घरघंटी घ्याच.

दूध गेलं की कॅल्शियमची सोय आधी लावा. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पण मूल दिवसाला १०० ग्रॅम नाचणी खात नाही. तीळकूट भातावर, राजगिऱ्याचा लाडू, नाचणीचं घावन हे सगळं करूनही कमी पडू शकतं. आहारतज्ज्ञांकडून हिशोब करून घ्या, लागलं तर औषध घ्या. व्हिटॅमिन डी आणि हिमोग्लोबिनही तपासा.

आजी-आजोबांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण खरी अडचण तिथेच येते. चहात बुडवलेलं बिस्किट नातवाला देण्यात त्यांचा जीव असतो. नुसतं 'देऊ नका' म्हटलं की ते दुखावतात आणि मग लपून देतात. माझ्या सासूबाईंच्या हाती मी राजगिऱ्याच्या वड्यांचा डबा दिला. नातवाला खाऊ द्यायचा तो त्यांनीच, त्याच डब्यातून. गणपतीत उकडीचे मोदक तर जसेच्या तसे चालतात, फक्त उकडीत तुपाऐवजी तेल घालायचं आणि वरची तुपाची धार मोठ्यांच्या पानात.