क्लास ए अ‍ॅम्प्लिफायर : तीस वॅट, पण कोणत्या ओहमला?

प्रश्न : साधारण पाच मीटर लांब आणि चार मीटर रुंद खोलीत मी मुख्यतः गायन आणि तंतुवाद्ये ऐकतो. माझे स्पीकर ४ ओहम रोधाचे असून २.८३ व्होल्टला त्यांची संवेदनशीलता, म्हणजे एक मीटरवर मिळणारा आवाज, ८७ डेसिबल दिली आहे. सध्याचा १०० वॅटचा क्लास एबी अ‍ॅम्प्लिफायर काढून दर चॅनेलला ३० वॅटचा, बराच महाग असा क्लास ए अ‍ॅम्प्लिफायर घेण्याचे मनात आहे. शंभरावरून तिसावर येणे योग्य ठरेल का? आणि विक्रेता म्हणतो तसा तो ‘शुद्ध क्लास ए’ आहे, हे कसे ओळखावे?

उत्तर : तीस वॅट अपुरे पडतील ही भीती आपल्या बाबतीत बहुधा अनाठायी आहे, मात्र ते तीस वॅट किती ओहमला मोजले आहेत, हे विचारल्याशिवाय व्यवहार करू नये. क्लास एबीमध्ये आवाज थोडा वाढला, की लहरीचा धन भाग एक ट्रान्झिस्टर आणि ऋण भाग दुसरा सांभाळतो, आणि या हवाली करण्याच्या सांध्यापाशी थोडी विकृती शिरते. क्लास एमध्ये दोन्ही ट्रान्झिस्टर संपूर्ण आवर्तनभर चालू राहत असल्याने हा सांधाच उरत नाही. त्यासाठी संगीत वाजत नसतानाही त्यांतून मोठा प्रवाह, म्हणजे बायस करंट, सतत सोडावा लागतो.

नेहमीच्या पुश-पुल रचनेत, म्हणजे एक ट्रान्झिस्टर प्रवाह ढकलतो आणि दुसरा ओढतो अशा जोडीत, या बायसच्या दुप्पट प्रवाहापर्यंतच अ‍ॅम्प्लिफायर क्लास एमध्ये राहतो. ८ ओहमला ३० वॅट देण्यासाठी सुमारे २.७ अँपिअरचा कमाल प्रवाह, म्हणजे सुमारे १.४ अँपिअर बायस लागतो. तेवढाच प्रवाह आपल्या ४ ओहमच्या स्पीकरमधून गेला, तर क्लास एची शक्ती १५ वॅटवर येते. माहितीपत्रकात ४ ओहमला ६० वॅट लिहिलेले असेल आणि ते खोटेही नसेल, पण १५ ते ६० हा टप्पा क्लास एबीचा असतो. पुष्कळ ग्राहकांना हे खरेदीनंतर कळते.

आता हे १५ वॅट पुरतील का, ते पाहू. २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमला एक वॅट, पण ४ ओहमला दोन वॅट. त्यामुळे १५ वॅटला एका स्पीकरपासून एक मीटरवर सुमारे ९६ डेसिबल मिळतात. अंतरामुळे होणारी घट आणि दुसऱ्या स्पीकरची भर धरली, तरी तीन मीटरवर नव्वदच्या आसपास आवाज पोहोचतो. घरात सरासरी ७० ते ७५ डेसिबलवर गायन ऐकणारा माणूस ही मर्यादा क्वचितच ओलांडेल. मोठा वाद्यवृंद खऱ्या मैफलीच्या जोमाने ऐकायची हौस असेल, तर मात्र माझे उत्तर बदलेल.

‘शुद्ध’ या शब्दापेक्षा संगीत बंद असतानाची वीजखपत पाहावी. पुश-पुल क्लास एची कार्यक्षमता सिद्धान्तानेसुद्धा ५० टक्क्यांपलीकडे जात नाही. म्हणून ८ ओहमला दोन चॅनेल मिळून ६० वॅट क्लास एमध्ये देणाऱ्या यंत्राने स्वस्थ बसूनही किमान १२० वॅट, आणि प्रत्यक्षात २०० च्या आसपास, खाल्लेच पाहिजेत. हा आकडा ७० असेल, तर तो बायस थोडा वाढवलेला क्लास एबी समजावा. तोही उत्तम असू शकतो. फक्त क्लास एची किंमत त्याला देऊ नये. (ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक्स रचनाकार जॉन लिन्सली हूड यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेला क्लास एचा आराखडा अवघ्या १० वॅटचा होता आणि हौशी मंडळी तो आजही बांधतात.)

फरक ऐकू येईल का, याचे उत्तर घरीच शोधावे. चांगल्या क्लास एबीमधील सांध्याची विकृती आज इतकी कमी असते, की आवाजातील अर्ध्या डेसिबलचा फरक तिच्यापेक्षा सहज जास्त प्रभाव पाडतो, आणि किंचित मोठे वाजणारे यंत्र कानाला हमखास सरस वाटते. म्हणून स्पीकरच्या टोकांवरील व्होल्टेज मोजून दोन्ही यंत्रे समान पातळीवर आणावीत आणि मगच तुलना करावी.

प्रश्न : असे यंत्र दिवसभर चालू ठेवावे का?

उत्तर : नाही. २५० वॅट घेणारे यंत्र चोवीस तासांत सहा युनिट वीज वापरते, चार तासांत एक. उष्णतेने कपॅसिटरही लवकर थकतात. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ढोबळ हिशेब आहे. बंद कपाटात ते ठेवूच नये. बायस स्थिरावण्यासाठी ऐकायला बसण्याआधी अर्धा ते एक तास सुरू केले की पुरते.