लस आधी, तिकीट शेवटी

नाशिक

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

आई-बाबा आणि त्यांचे जुने स्नेही काका-काकू, या चौघांना केनियाचं जंगल दाखवायचं आणि आखणी तू करायची, हे ठरलं ते फार छान झालं. पाठवलेला कागद दोनदा वाचला. विमानभाड्यातली सवलत या आठवड्यात संपतेय, तेव्हा तिकिटं आजच काढू का, असं तू विचारलंस. नको काढूस. या सहलीत कामांचा क्रम चुकला की पैसे बुडतात, आणि साठी ओलांडलेल्या माणसांसाठी तो क्रम लसीपासून सुरू होतो.

केनिया पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीवरच्या देशांत मोडतो. भारतातून थेट जाणाऱ्याकडे तिकडे या लसीचं प्रमाणपत्र मागत नाहीत, म्हणून बरेच जण गाफील राहतात. अडचण परतताना होते. अशा देशातून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलेल्या माणसाकडे वैध प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा नियम आहे. प्रमाणपत्र लस टोचल्यापासून दहा दिवसांनी वैध होतं, आधी नाही. एकदा घेतलेली लस २०१६ पासून आयुष्यभर ग्राह्य धरतात.

खरा प्रश्न वयाचा. ही लस जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूची आहे. क्वचित तोच विषाणू शरीरात वाढून यकृत, मूत्रपिंड किंवा मेंदूला इजा करतो. हे दुर्मीळ आहे, पण पहिलाच डोस साठीनंतर घेणाऱ्यांत हा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो. थायमस ग्रंथीचा आजार, अंड्याची तीव्र ॲलर्जी, कर्करोगाचे उपचार, स्टेरॉइडचे मोठे डोस किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर लस बहुधा नाहीच. संधिवाताच्या गोळ्यांत अशी औषधं असतात आणि घरच्यांना ती नुसती ‘गुडघ्याची गोळी’ म्हणून माहीत असतात. म्हणून चौघांच्या औषधांच्या पट्ट्या समोर ठेवून नावं लिहून घे आणि प्रत्येकाला आपापल्या डॉक्टरांकडे ती यादी घेऊन पाठव. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते. मुंबईत आणि पुण्यात अशी केंद्रं आहेत. वार आणि डोस मोजके असतात, तेव्हा वेळ घेऊनच जायचं.

चौघांपैकी एकालाही डॉक्टरांनी नको म्हटलं, तर माझ्या मते देशच बदल. लस देता येत नाही असं पत्र डॉक्टर देतात, पण त्या पत्रावर मुंबईत सुटका होईलच असं गृहीत धरू नकोस. तिघांनी जायचं आणि एकाने घरी थांबायचं, हा तर तोडगाच नव्हे. श्रीलंकेला ही लस लागत नाही आणि मुंबईहून कोलंबो जेमतेम अडीच तासांवर आहे. विल्पट्टू आणि याला या राष्ट्रीय उद्यानांत बिबटे, सिंहराजाचं पावसाळी जंगल, नोव्हेंबर ते एप्रिल मिरिस्साच्या समुद्रात देवमासे. आठ दिवस कुठे गेले कळत नाही.

लसीला होकार मिळाला असं धरून पुढचं लिहितो.

महिना. तू ऑगस्ट धरलास, कारण जुलै ते ऑक्टोबर विल्डबीस्ट या मोठ्या कुरंगांचे कळप मसाई मारा अभयारण्यात असतात आणि तिथली नदी ओलांडतात. दृश्य मोठंच आहे. पण त्याच काळात नदीकाठी गाड्यांची रांग लागते, कळप कधी उतरेल याचा नेम नसतो, आणि तीन-चार तास उन्हात गाडीत बसून राहावं लागतं. शिवाय २०२४ पासून मसाई माराचं प्रवेशशुल्क परदेशी माणसाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे. चार माणसं, चार दिवस धरले तर नुसत्या शुल्कात १,६०० डॉलरचा फरक पडतो. सिंह, चित्ते, हत्ती, जिराफ बाराही महिने तिथेच असतात. या चौघांना ना शाळेच्या सुट्टीचं बंधन, ना रजेचं. मी फेब्रुवारी निवडला असता. हवा कोरडी, गवत तुलनेने आखूड, त्यामुळे जनावर दिसतं. मार्चच्या अखेरीपासून मेपर्यंत मोठा पाऊस, तेव्हा चाकं चिखलात रुततात. तो काळ टाळ. फेब्रुवारीत जायचं तर लस नोव्हेंबरात उरकून घे.

आता तुझा मार्ग. सहा रात्रींत अंबोसेली, नाकुरू आणि मारा ही तिन्ही जंगलं, असा बेत कंपन्या सर्रास देतात. नकाशावर तो भरगच्च वाटतो. प्रत्यक्षात दर एक दिवसाआड पाच-सहा तास गाडीत जातात आणि कंबर जंगलात पोहोचण्याआधीच बोलायला लागते. त्याऐवजी आठ रात्री असे कर: नैरोबी एक, नैवाशा दोन, मारा चार, पुन्हा नैरोबी एक. नैवाशा सरोवरात बोटीतून पाणघोडे आणि पक्षी दिसतात, आणि तिथल्या क्रेसेंट आयलंडवर जिराफ-झेब्र्यांच्या मधून पायी फिरता येतं, कारण तिथे सिंह नाहीत. दिवसभर गाडीत बसणाऱ्या गुडघ्यांना ते चालणं फार सुखाचं असतं. नैवाशाची उंची सुमारे १,८८० मीटर आहे, नाशिकच्या तिप्पट. पहिल्या दिवशी जिना चढताना धाप लागली तर घाबरू नये, सावकाश चढावं; छातीत दुखलं तर मात्र लगेच डॉक्टर.

माराहून नैरोबीच्या विल्सन विमानतळावर छोट्या विमानाने परत आण. पाऊण ते एक तासाचं उड्डाण पाच-सहा तासांचे धक्के वाचवतं. त्या विमानात माणशी १५ किलो, हातातली पिशवी आणि कॅमेरा धरून, आणि बॅग मऊच हवी. चाकांची कडक सूटकेस त्या कप्प्यात बसत नाही. हे आईला आत्ताच सांग, कारण खरेदी सूटकेसपासूनच सुरू होते.

गाडीवर पैसे वाचवू नकोस. उघडणाऱ्या छताची लँड क्रूझर, फक्त या चौघांसाठी, हे लेखी घे. मिनीव्हॅन स्वस्त पडते, पण तिचा तळ खाली असतो आणि मातीच्या वाटेवर ती आपटते. सगळ्यांत मागची सीट मागच्या चाकांच्याही पलीकडे असते, म्हणून प्रत्येक खड्डा तिथे दुप्पट लागतो. मणक्याचा त्रास असणाऱ्याने पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या रांगेत बसायचं, तिथे अदलाबदल नाही. बाकीच्यांच्या जागा रोज न्याहारीला बदलायच्या. गाडीची पायरी उंच असते, तेव्हा चालकाकडे छोटं स्टूल आहे का, हे आधीच विचार.

दुर्बिणी दोन, प्रत्येक जोडप्याला एक, ८ बाय ४२ च्या. १० पटीची घ्यायचा मोह होतो, पण वयाबरोबर हात थरथरतो आणि मोठ्या पटीत ती थरथरही मोठी होते. ४२ मिलिमीटरच्या भिंगामुळे पहाटेच्या अंधुक उजेडातही चित्र स्वच्छ दिसतं. आणि ती दुर्बीण आफ्रिकेत पहिल्यांदा डोळ्याला लावायची नाही. डिसेंबरात चौघांना नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात ने. चापडगावच्या मनोऱ्यावरून बदकं शोधताना आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी धरायचा, नजर न हलवता दुर्बीण वर आणायची, हे दोन सकाळींत जमतं. चष्मा असेल तर डोळ्याजवळची रबरी कडी आत फिरवायची. कॅमेरा टेकवायला जुन्या पँटच्या पायाची एका बाजूने शिवलेली पिशवी रिकामीच ने आणि तिथे किलोभर तांदूळ विकत घेऊन भर.

एक विषय बायका मोठ्याने बोलत नाहीत, म्हणून मी लिहितो. सकाळची फेरी तीन-चार तासांची, वाटेत स्वच्छतागृह नाही. मग आई आणि काकू पाणीच पीत नाहीत. कोरड्या हवेत त्यातून चक्कर येते, लघवीची जळजळ सुरू होते आणि पुढचे दोन दिवस खोलीत जातात. चालकाला पहिल्याच दिवशी सांगायचं, की दोन तासांनी सुरक्षित जागा बघून गाडी थांबव. त्यांना याची सवय असते, फक्त कुणीतरी आधी बोलावं लागतं. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर ती फेरीनंतर घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारून घे. केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, त्यामुळे इन्सुलिन आणि थायरॉइडच्या वेळाही त्यांच्याकडूनच कागदावर लिहून आण. मारात हिवताप आहे. त्याच्या प्रतिबंधक गोळ्या जाण्याआधी सुरू होतात आणि परतल्यावरही ठरलेले दिवस चालूच ठेवायच्या असतात. घरी आल्यावर ‘आता कशाला’ म्हणून त्या सोडणं, ही नेहमीची चूक.

काकांना झोपेत श्वासाचं मशीन लागतं ना? तंबूच्या कॅम्पमध्ये बऱ्याच ठिकाणी वीज सौर किंवा जनरेटरची असते आणि रात्री काही तास बंद ठेवतात. ‘लाइट आहे का’ असं विचारू नकोस, उत्तर होच येईल. ‘रात्री अकरा ते पाच पलंगाजवळच्या सॉकेटला वीज असते का’ असं विचार. जेवणघराला जवळचे आणि पायऱ्या नसलेले तंबू माग. अंधार पडल्यावर कॅम्पचा रखवालदार सोडायला येतो. त्याच्याशिवाय तंबूबाहेर पाऊल टाकायचं नाही. कॅम्पला कुंपण नसेल तर रात्री पाणघोडे अंगणात चरतात.

खाण्याची काळजी कमी कर. नैरोबीत गुजराती वस्ती जुनी आहे आणि कॅम्पला आधी कळवलं तर शाकाहारी जेवण नीट मिळतं. चिवडा-लाडू ने, पण डब्यात. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर कडक बंदी आहे आणि जून २०२० पासून अभयारण्यांत एकदाच वापरायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत. चौघांना स्टीलची बाटली, चपलांना कापडी पिशव्या. कपडे खाकी किंवा मातकट. गडद निळा आणि काळा नको, त्या रंगांकडे त्सेत्से माशा धावतात. पहाटेसाठी स्वेटर आणि माकडटोपी.

विमा चौघांचा वेगवेगळा काढ, असलेले आजार न लपवता. लपवलेली शुगर दावा नाकारायला पुरेशी होते. जंगलातून रुग्णाला विमानाने नैरोबीला आणण्याचा खर्च त्यात आहे का, हे पाहा. नसेल तर आम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स ही तिथली जुनी संस्था पर्यटकांना अल्पमुदतीचं संरक्षण देते.

पैशाचं बोलणं तुलाच सुरू करावं लागेल, कारण चाळीस वर्षांच्या मैत्रीत ते कुणी काढत नाही. गाडी, शुल्क, चालकाची बक्षिसी हे निम्मं-निम्मं. त्यासाठी एक थैली, एक वही, आणि लिहिणारा एकच. कपडे धुणं, खरेदी ज्याचं त्याने. मोठा प्रश्न वेगळाच आहे: ऐनवेळी एका जोडप्याला रद्द करावं लागलं तर गाडीचं अर्धं भाडं कुणाचं? गाडीचं भाडं माणसांवर नसतं, दिवसांवर असतं. याचं उत्तर आगाऊ रक्कम भरण्याआधी चौघांसमोर लिहून ठेव. विमानाचं आरक्षण दोन जोडप्यांचं दोन स्वतंत्र कर, विमान मात्र एकच, म्हणजे एकाचं रद्द झालं तरी दुसऱ्याचं अडकत नाही. मारातल्या चारांपैकी एक दुपार मोकळी सोड. ज्याला झोपायचं त्याने झोपावं, ज्याला जंगलात जायचं त्याने जावं, आणि कुणी कुणाला आग्रह करू नये.

या साऱ्यानंतर तिकीट. पासपोर्टची मुदत परतण्यानंतर सहा महिने असावी. केनियाचा व्हिसा २०२४ पासून गेला, त्याऐवजी प्रवासाची ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. ती आठवडाभर आधी हातात असू दे. मुंबईला निघताना समृद्धीने आमणेपर्यंत झरझर पोहोचाल, पण भिवंडी-ठाण्याचा भरवसा नाही. उड्डाणाच्या आठ तास आधी नाशिक सोडायचं.

लसीचं पिवळं पुस्तक, म्हणजे ते प्रमाणपत्र, मिळालं की केंद्रातून हलण्याआधी नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक एकेक अक्षर ताडून बघ. सही आणि शिक्का आहे ना, तेही. ते पासपोर्टबरोबर हातातल्या पिशवीत राहील, सामानात नाही. औषधांच्या याद्या तयार झाल्या की मलाही दाखव.

तुझा,
मामा