शेजारच्या पुनर्विकासाला हरकत घ्यायची तर

प्रश्न : आमची चार मजली सोसायटी १९७८ पासूनची. शेजारच्या सोसायटीच्या जागी वीस मजली टॉवर येतोय. आमच्या बाजूला नियमापेक्षा कमी मोकळी जागा सोडली आहे, असं कळलं. सहा घरांचा उजेड-वारा जाईल. पाडकाम झालं आहे, खोदाई सुरू व्हायची आहे. महापालिकेला तीन पत्रं दिली, उत्तर नाही. थेट हायकोर्टात जावं का? (एक सोसायटी, मुलुंड)

उत्तर : जाता येईल, पण ‘खिडकीसमोर टॉवर येतोय’ एवढ्यावर नको. समोरचा देखावा जाणं, फ्लॅटची किंमत उतरणं, गल्लीत गाड्या वाढणं यावर बांधकाम परवानगी रद्द होत नाही. शेजारच्या सोसायटीने ५१ टक्के संमती नीट घेतली का, सहकारी संस्था कायद्याच्या कलम ‘७९ अ’खालचे पुनर्विकासाचे सरकारी निर्देश पाळले का, हेही तुमच्या अर्जात आणू नका. तो त्यांच्या सभासदांचा प्रश्न आहे. असे मुद्दे घातले की बाकीचे चांगले मुद्देही हलके वाटू लागतात.

तुमचा खरा मुद्दा महापालिकेच्या फाईलमध्ये आहे. मुंबईतल्या लहान भूखंडांवर बाजूची आणि मागची मोकळी जागा बहुधा नियमाइतकी बसत नाही. मग वास्तुविशारद कमतरतेचा प्रस्ताव ठेवतो, आयुक्त विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ च्या नियम ६(ब) खाली सवलत देतात आणि विकासक त्यासाठी महापालिकेला प्रीमियम (जादा शुल्क) भरतो. यात आपोआप काही बेकायदा नाही. पण त्याच नियमात अट आहे : अडचण दाखवून देता आली पाहिजे, आणि सवलतीमुळे त्या इमारतीतल्या तसंच शेजारपाजारच्या रहिवाशांचं आरोग्य, आगीपासूनची आणि बांधकामाची सुरक्षितता यांना बाधा येता कामा नये. शेजाऱ्याचा विचार करणं तिथे नियमानेच बंधनकारक आहे. प्रीमियम भरला म्हणून ही अट सुटत नाही.

म्हणून सवलतीचा अहवाल मिळवा. माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांची मुदत. ‘सर्व कागदपत्रं द्या’ असं मोघम लिहू नका. अटींसह आयओडी (महापालिकेची पहिली, सशर्त मंजुरी), मंजूर नकाशे, सवलतीचा अहवाल आणि त्यावरच्या टिप्पण्या, अग्निशमन दलाचं ना-हरकत पत्र, क्षेत्रफळाचा तक्ता आणि आजवरच्या सगळ्या सीसी (काम सुरू करण्याचे दाखले), अशी नावं घेऊन मागा. शिवाय फाईल प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी मागा. विक्रीच्या फ्लॅटसाठी प्रकल्प महारेरात नोंदला असेल तर मंजुरीचे बरेच कागद तिथेच दिसतात, महिनाभर थांबावं लागत नाही.

कागद हाती आले की तुमच्या वास्तुविशारदाला बसवा. प्रत्येक बाजूला किती मीटर हवे होते, किती सोडले, कारण काय दिलं. नकाशावर तुमची इमारत दाखवली आहे का, आणि असल्यास खऱ्या अंतरावर का? कुंपणापासून तुमच्या भिंतीपर्यंतचं अंतर स्वतः मोजून घ्या. त्यांच्या भूखंडाचं क्षेत्रफळ मालमत्ता पत्रकाशी ताडून पाहा. हद्दीचा वाद असेल तर नगर भूमापन कार्यालयाकडून मोजणी करून घ्या, कारण तुमची पट्टी त्यांच्या क्षेत्रफळात धरली गेली असेल तर एफएसआयचं (भूखंडाच्या प्रमाणात किती बांधता येईल याचं) सगळं गणितच चुकतं.

आता वेळेबद्दल, कारण अशी बहुतेक प्रकरणं इथेच हातची जातात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५१ खाली महापालिका दिलेली परवानगी रद्द करू किंवा बदलू शकते. पण झालेल्या बांधकामाला तो आदेश लागू होत नाही, आणि काम बरंच पुढे गेल्यावर तो काढताच येत नाही. कलम ४७ चं अपील अर्जदारासाठी आहे, शेजाऱ्यासाठी नाही. हायकोर्टातल्या रिट अर्जाला ठरावीक मुदत नसली तरी विलंब तिथेही पाहिला जातो : पाच-सहा मजले चढल्यावर गेलात तर ‘इतके दिवस कुठे होतात’ हाच पहिला प्रश्न येतो. तुमच्याकडे जोत्यापर्यंतचा वेळ आहे. तीन पत्रं दिली म्हणून घड्याळ थांबत नाही.

चौथं पत्र असं द्या की ते कोर्टात जोडता येईल. इमारत प्रस्ताव विभागाच्या कार्यकारी अभियंत्याला, प्रत आयुक्तांना. त्यात नियम, मोजलेलं अंतर, कमतरता, कलम ५१ खाली कारवाईची मागणी, सुनावणीची मागणी आणि उत्तरासाठी तारीख. दाव्याची वेळ आली तर मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ५२७ ची एक महिन्याची नोटीस आडवी येते, म्हणून तीही आत्ताच वकिलाकडून पाठवून ठेवा.

दोन वाटा वेगळ्या ठेवा. परवानगीच नियमबाह्य असेल तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली (रिट अर्ज) उच्च न्यायालय. शेजाऱ्याला दादच मागता येत नाही, असं विकासकाकडून म्हटलं जाईल. पण उडुपीच्या के. रामदास शेणॉय प्रकरणात निवासी भागातल्या चित्रपटगृहाच्या परवानगीला एका रहिवाशाने दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्येच मान्य केलं आहे. मागणी मात्र नेमकी करा. ‘सगळं रद्द करा’ एवढंच न म्हणता, आमच्या अर्जावर अमुक मुदतीत सुनावणी घ्या आणि तोवर जोत्यावरची सीसी देऊ नका, अशी पर्यायी विनंती जोडा. ती मिळण्याची शक्यता जास्त असते.

उजेड-वाऱ्याचा हक्क ही दुसरी वाट, दिवाणी न्यायालयाची. सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ नुसार इमारतीला २० वर्षं अखंड मिळालेला उजेड-वारा हक्क ठरतो. अडथळा आल्यापासून दोन वर्षांत दावा लावावा लागतो. हक्क इमारतीला मिळतो. अंगणाला किंवा बागेला नाही, हे कलम १७ मध्ये स्पष्ट आहे. आणि थोडा उजेड कमी होणं पुरत नाही, नुकसान भरीव हवं. १९७८ चा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र शोधून काढा, त्यावर त्या खिडक्या दिसायला हव्यात. नंतर बाल्कनी बंद करून काढलेल्या खिडकीवर जोर देऊ नका. तुमचीही अनधिकृत बांधकामं कोर्टासमोर येतील, हे धरूनच चाला.

प्रश्न : शेजारच्या दोन तळघरांच्या खोदाईने आमच्या भिंतींना तडे जात आहेत. विकासक म्हणतो, तडे जुनेच आहेत. (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : ‘जुनेच आहेत’ हे खोडायला खोदाईआधीची नोंद लागते. ती नसेल तर आजच करा. प्रत्येक तड्याला क्रमांक, शेजारी मोजपट्टी धरून तारखेसह फोटो, तड्यावर काचेची पट्टी किंवा क्रॅक गेज (तड्याची रुंदी मोजायची पट्टी), आणि खांबांवर पातळी मोजायच्या खुणा. दर आठवड्याला त्याच जागी मोजा. गिलाव्यातले केसासारखे तडे फारसे सांगत नाहीत. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपे निघून रुंदावणारे तडे पाया खचत असल्याची खूण असू शकते.

खचण्याचं एक मोठं कारण पाणी. खड्ड्यातून पंपाने सतत पाणी उपसलं की तुमच्या पायाखालची पाणीपातळी उतरते, कधी बारीक मातीही वाहून जाते. खड्ड्याभोवतीच्या पाइलच्या (जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांच्या) भिंतीतून गढूळ पाणी झिरपताना दिसलं तर त्याच दिवशी लेखी कळवा. आधारभिंतीचे नकाशे मागा आणि अँकर (भिंत धरून ठेवायला जमिनीत तिरपे घातलेले लोखंडी ताण) किती लांब जातात ते बघा. तुमच्या जमिनीखाली घुसणारा अँकर तुमच्या संमतीशिवाय टाकता येत नाही. २० वर्षं उभ्या असलेल्या इमारतीला शेजारच्या जमिनीच्या आधाराचाही हक्क सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम १५ खाली मिळतो.

पत्र विकासकापुरतं ठेवू नका. त्यांच्या स्ट्रक्चरल अभियंत्याला नाव घालून पाठवा, कारण सुरक्षिततेचा दाखला त्याच्या सहीने जातो. तडे वाढत असतील तर मनाईहुकमासोबत कोर्ट कमिशनरकडून पाहणीची मागणी करा. मात्र तुमची इमारत ३० वर्षांवरची असेल तर आपलं स्ट्रक्चरल ऑडिट आधी करून ठेवा. नाहीतर तक्रारीच्या उत्तरादाखल तुमचीच इमारत धोकादायक असल्याचं म्हटलं जाईल आणि मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५४ च्या (धोकादायक इमारतीच्या) नोटिशीला तोंड देत बसावं लागेल.

प्रश्न : आमच्याच पुनर्विकासाविरुद्ध शेजाऱ्याने रिट केलं आहे. काम थांबवायचं का? (एक सभासद, बोरिवली)

उत्तर : नुसता अर्ज दाखल होणं म्हणजे स्थगिती नव्हे. पण त्यानंतरचं काम तुमच्या जबाबदारीवर असतं. उभी इमारत कोर्ट पाडणार नाही, या भरवशावर राहू नका. नोएडाच्या सुपरटेक प्रकरणात दोन टॉवरमध्ये १६ मीटर अंतर हवं असताना ९ मीटरच होतं, हे एक मुख्य कारण होतं. ते जोडटॉवर ऑगस्ट २०२२ मध्ये पाडले गेले. विकासकाकडून सवलतीचा अहवाल मागवून स्वतः वाचा. कमतरता खरी असेल तर नकाशा सुधारणं हे वर्षभराच्या स्थगितीपेक्षा स्वस्त पडतं. तडजोड झाली तर ती संमतीपत्र म्हणून कोर्टात दाखल करा, बाहेर पैसे देऊन अर्ज मागे घ्यायला लावू नका. आणि स्थगितीच्या काळात घरभाडं चालू राहील, असं विकास करारात आणि बँक हमीत लिहिलं आहे का, ते आजच तपासा.