पत्रा किती फुटी मागवू?

प्रश्न : नमस्कार सर, पावसाच्या आधी अंगणात पत्र्याची शेड टाकायचीय. भिंतीपासून समोरच्या खांबापर्यंत आडवं माप 12 फूट, फॅब्रिकेटर म्हणाला ढाळ 20 डिग्रीचा ठेवू. मुलगी दहावीला आहे, ती म्हणे कॉसने निघतं, पत्रा 12.77 फूट. मी मोबाईलवर केलं तर 29.4 आलं! मग कागदावर 12 ला 0.94 ने गुणलं तर 11.28. आता कुणाचं खरं धरू?
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : मुलीचं. खांबाच्या डोक्यापासून भिंतीपर्यंत आडवी रेघ, तिथून वर भिंतीचा तुकडा आणि तिरका पत्रा, असा काटकोन त्रिकोण होतो. 20 डिग्रीचा कोन खांबाकडे, म्हणजे 12 फूट ही त्याची लगतची बाजू आणि पत्रा म्हणजे कर्ण. कॉस म्हणजे लगतची बाजू भागिले कर्ण, म्हणून कर्ण हवा असेल तर 12 ला 0.94 ने भागायचं, तुम्ही गुणलंत. खरं तर 11.28 बघूनच शंका यायला हवी होती, कर्ण सगळ्यात मोठी बाजू असतो, तिरका पत्रा आडव्या मापापेक्षा आखूड कसा होईल?

29.4 ची भानगड वेगळीच आहे. तिथं तुम्ही भागलंत बरोबर, पण मोबाईल रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) होता, त्याने 20 डिग्री न धरता 20 रेडियन धरले. आधी कॉस 60 काढून बघत जा, 0.5 आलं तर मोड ठीक, नाहीतर डिग्रीवर टाका.

आता सगळ्यात जास्त नुकसान होतं ते इथं: 12.77 फूट म्हणजे 12 फूट 7 इंच नव्हे हो! 0.77 ला 12 ने गुणा, सव्वानऊ इंच येतात. त्यात पन्हाळीकडे थोडा पत्रा बाहेर काढावा लागतोच, तेव्हा 14 फुटी मागवा आणि जादा कापून टाका.

भिंतीवर खूण किती वर करायची तेही सांगतो, टॅन म्हणजे समोरची बाजू भागिले लगतची, टॅन 20 म्हणजे 0.364, गुणिले 12, खांबाच्या डोक्याच्या लेव्हलपासून साधारण 4 फूट साडेचार इंच. हा चढ टेपने मोजलेलाच असेल तर कॉसच्या नादी लागूच नका, पायथागोरसने पत्रा निघतो, मी कारागिराच्या जागी असतो तर तेच केलं असतं. पण दोन्हीकडे अट एकच, भिंत ओळंब्यात हवी आणि 12 फूट हे माप लेव्हलमध्ये घेतलेलं हवं. जमीन उतरती असेल आणि टेप जमिनीवर टाकून मोजलं असेल तर आधी ते माप परत घ्या.

प्रश्न : साइन हे नाव आलं कुठून? बाई म्हणाल्या पाठ करा फक्त.
— नववीतली वाचक, नाशिक

उत्तर : साइन म्हणजे कोनासमोरची बाजू भागिले कर्ण, आणि नाव आपल्याकडूनच गेलंय! आर्यभटांच्या 499 सालच्या ग्रंथात त्याला ‘ज्या’ हा शब्द आहे, ‘ज्या’ म्हणजे धनुष्याची दोरी. अरबीत त्याचं जीब झालं, पण तिथं स्वर लिहीत नसल्यामुळे पुढे ते जैब असं वाचलं गेलं, जैब म्हणजे कपड्याची घडी किंवा छातीपाशी असतो तो झोळ, आणि लॅटिनवाल्यांनी त्याचंच भाषांतर केलं साइनस.