इंजिन नव्याने बांधलेली एमजी लिलावात विकताना

प्रश्न : आमच्याकडे १९५२ सालची एमजी टीडी ही दोन आसनी, कापडी टपाची स्पोर्ट्‌स कार आहे. वडिलांनी ती हौसेने घेतली आणि जिवापाड जपली. ते गेल्यानंतर मी अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये इंजिन पूर्ण खोलून नव्याने बांधून घेतले. बोअर मारावे लागले, म्हणजे सिलिंडर आतून घासून रुंद करावे लागले; पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणि व्हॉल्व्ह नवे टाकले, क्रँक ग्राइंड करून घेतला. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा, मात्र मूळचाच आहे. आता गुडघ्यांच्या दुखण्यामुळे मला गाडीत बसणे-उतरणेही जड जाते, म्हणून ती लिलावात द्यावी असा विचार आहे. एका मध्यस्थाने ‘इंजिन खोलले होते हे बोलू नका, भाव पडेल’ असे बजावले आहे. आरसी बुक अजून वडिलांच्याच नावे आहे. इंजिनाबद्दल काय सांगावे आणि राखीव किंमत (जिच्याखाली गाडी विकायची नाही ती) कशी ठरवावी?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : मध्यस्थाचे ऐकू नका. सत्तर वर्षांहून जुन्या गाडीचे इंजिन कधीच खोलले गेले नसेल, असे कोणताही जाणकार खरेदीदार मानत नाही. ते कोणी, केव्हा आणि किती खोलवर खोलले, हे त्याला हवे असते. हे सांगितले नाही तर तो वाईटातले वाईट गृहीत धरून बोली लावतो. शिवाय माल विक्री अधिनियम, १९३० नुसार वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळलीच पाहिजे. म्हणजे लिलावाच्या कॅटलॉगमध्ये आपल्या सांगण्यावरून जे छापले जाईल, ते उद्या आपल्यावरच बंधनकारक ठरू शकते.

आपल्या गाडीचे खरे मोल ‘ब्लॉक मूळचाच आहे’ या आपल्या एका वाक्यात आहे, आणि ते नुसते सांगून भागणार नाही, दाखवावे लागेल. टीडीच्या १२५० सीसी इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर बसवलेल्या लहानशा अष्टकोनी पट्टीवर असतो आणि त्याची सुरुवात ‘एक्सपीएजी’ या अक्षरांनी होते. ब्लॉक धुताना-उकळताना ही पट्टी निघून हरवल्याची उदाहरणे बरीच आहेत, तेव्हा आपली पट्टी जागेवर आहे ना आणि तिच्यावरचा क्रमांक आरसी बुकातल्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळतो ना, हे आधी पाहा. जुळत नसेल तर तसे लेखी कळवा; क्रमांक खरवडण्याचा किंवा नव्याने ठोकण्याचा उद्योग कोणी सुचवला तर त्याला दारातूनच परत पाठवा, कारण तो सरळ गुन्हा आहे.

त्यानंतर वर्कशॉपकडून सविस्तर बिल आणि मापे लेखी घ्या. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६६.५ मिलिमीटरचे असते. ते आता किती झाले, आणि पुढे कधी वेळ आली तर पुन्हा बोअर मारण्याइतकी सिलिंडरची भिंत शिल्लक आहे की स्लीव्हच (आतून बसवायची नवी नळी) टाकावी लागेल, हा प्रश्न गंभीर खरेदीदार विचारणारच. या इंजिनाची एक गंमत अशी की त्याच्या बोल्टांचे आटे मेट्रिक आहेत, पण डोकी मात्र व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाच्या पान्याला बसणारी. त्यामुळे मूळ बोल्ट टाकून बाजारात मिळतील ते लावले गेले असतील, तर माहितगाराच्या नजरेतून ते सुटत नाही. मूळ बोल्ट परत बसवले असतील, तर त्यांचे जवळून फोटो काढून ठेवा. चारही सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनची (आतल्या दाबाची) नोंद, थंड इंजिन सुरू करतानाचा व्हिडिओ आणि इंजिन गरम झाल्यावर ऑइल प्रेशरचा काटा कुठे स्थिरावतो याचे चित्रण सोबत जोडा. मागच्या बाजूने तेल थोडे ठिबकत असेल तर तेही लिहा. या इंजिनाची ती जन्मजात खोड आहे आणि एमजीवाल्यांना ती ठाऊक असते. उलट, लिलावाच्या आदल्या दिवशी इंजिन पुसून लख्ख केलेले दिसले की मला स्वतःला संशय येतो.

राखीव किमतीबद्दल थोडे कठोर बोलतो. १९४९ ते १९५३ या काळात टीडी जवळजवळ तीस हजार बनल्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या, आणि तिचे सुटे भाग आजही मिळतात. तेव्हा केवळ दुर्मीळ म्हणून तिला भाव येईल, असे समजू नका. इंजिनावर केलेला खर्च जसाच्या तसा वसूल होत नाही, आणि वडिलांच्या आठवणींची किंमत तर खरेदीदार देणारच नाही. ज्या रकमेखाली गाडी विकण्यापेक्षा ती पुन्हा घरी आणणे आपल्याला पटेल, ती रक्कम राखीव ठेवा, आणि ती लिलावदाराचे कमिशन व वाहतूक वजा करून मोजा. गाडी न विकली गेल्यास कोणते शुल्क लागेल, हे करारावर सही करण्यापूर्वीच विचारा. हातोडा पडला की कायद्याने विक्री पूर्ण होते. तोवर बोली लावणाऱ्याला ती मागे घेता येते. भाव चढवण्यासाठी स्वतःचा माणूस बोलीला बसवू नका. तसा हक्क आधी जाहीरपणे राखून ठेवला नसेल, तर खरेदीदाराला ती विक्री फसवणुकीची मानता येते.

मात्र हे सारे आरसी आपल्या नावावर झाल्यानंतरच. पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची लेखी संमती देऊन हस्तांतर करून घ्या. उशिराबद्दल दंड पडेल, तो भरा. पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी करता येते आणि आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, पण चासी, बॉडी व इंजिनात मोठा बदल झालेला नसावा अशी अट आहे. आपले काम दुरुस्तीचे होते, बदलाचे नव्हे, हे दाखवायला वर्कशॉपची तीच बिले इथेही उपयोगी पडतील. व्हिंटेज नोंदणी केलीत, तर विक्रीची माहिती दोन्ही बाजूंनी ९० दिवसांत द्यावी लागते, आणि अशी गाडी रोजच्या वापरात चालवता येत नाही, हेही खरेदीदाराला सांगून ठेवा.

विक्रीनंतर हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून किल्ली देऊन मोकळे होऊ नका. गाडी नेहमीच्या नोंदणीवर असेल आणि राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर १४ दिवसांत हस्तांतर कळवायचे असते. खरेदीदार परराज्यातला असेल तर फॉर्म २८ वर ना-हरकत लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक समजला जाईल, आणि अपघाताची भरपाईही त्याच्याच गळ्यात पडेल. नव्या नावाची नोंद स्वतःच्या डोळ्यांनी पाहीपर्यंत विमा चालू ठेवा. कराची चिंता बहुधा नको : खासगी वापराची मोटार ही वैयक्तिक वापराची वस्तू मानली जाते आणि तिच्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, मात्र ती कधी व्यवसायाच्या हिशेबात दाखवून घसारा घेतला असेल, तर आधी आपल्या सीएंशी बोला.